पिकअपवर बसवलेला आगगाडीचा भोंगा: चार महिन्यांचा वापर आणि राज्यांचे कायदे

टेक्ससमध्ये माझी रोजची ये-जा इंटरस्टेट ३५ या महामार्गावरून होते. फोनकडे पाहत पाहत आपली लेन सोडून शेजारच्या लेनमध्ये सरकणारे चालक या रस्त्यावर दर दिवशी भेटतात आणि माझ्या पिकअपच्या मूळ हॉर्नचा आवाज बंद काचांमागे गाणी ऐकत बसलेल्या अशा माणसापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, हे दोनदा अंगावर बेतल्यावर मी ‘ट्रेन हॉर्न’ या नावाने विकला जाणारा हवेवर चालणारा चार कर्ण्यांचा संच विकत घेतला. संचाला सुमारे साडेचारशे डॉलर पडले. चार महिने वापरून गेल्या महिन्यात मी त्याचे कर्णे काढून टाकले. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण जवळजवळ अशाच स्वरूपाचे संच अनेक जण विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते कमीअधिक प्रमाणात त्या सर्वांना लागू पडते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि गाडीवर असा भोंगा बसवण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकाला पैसे मोजण्याआधी यातील यांत्रिक बाजू आणि कायद्याची बाजू दोन्ही कळावी, एवढ्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आधी वस्तूविषयी. खोक्यात १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर, तीन गॅलनची पोलादी टाकी, वेगवेगळ्या लांबीचे चार धातूचे कर्णे, विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, दाब ठरावीक पातळीला पोहोचला की कंप्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच, सुरक्षा व्हॉल्व्ह, नायलॉनच्या हवानळ्या, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि वायरिंग असे सगळे होते. कंप्रेसर टाकीत सुमारे १५० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाबापर्यंत हवा भरतो, बटण दाबले की व्हॉल्व्ह उघडतो आणि कर्ण्याच्या मागच्या डबीतील पातळ पडदा थरथरून आवाज निघतो. रेल्वे इंजिनाच्या भोंग्याचे तत्त्व हेच आहे. अ‍ॅमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेसेवेच्या इंजिनांवर ऐकू येणारा नेथन कंपनीचा ‘के-५-एलए’ हा पाच कर्ण्यांचा भोंगा याच पद्धतीने वाजतो आणि त्याचे पाच स्वर मिळून एक सुरेल स्वरमेळ तयार होतो. माझ्या संचातील चार कर्णेही एकमेकांशी बऱ्यापैकी जुळलेले होते. धातूचे काम चांगले होते, सांधे गळत नव्हते आणि चार महिन्यांत गंजाचा ठिपकाही दिसला नाही. कारागिरीपुरते बोलायचे तर माझी तक्रार नाही.

बसवायला मला एक पूर्ण शनिवार आणि रविवारची सकाळ लागली. चासीला टाकी अडकवण्यासाठी जागा शोधणे हेच सर्वांत कष्टाचे काम ठरले. कंप्रेसर बराच विद्युतप्रवाह ओढतो, म्हणून त्याची तार थेट बॅटरीवरून घ्यावी लागते आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा लागतो. तो दूर लावला, तर मधली तार कुठे घासून उघडी पडल्यास तिला कोणतेच संरक्षण उरत नाही. माहितीपत्रकात हा मुद्दा एका ओळीत उरकला होता, तो ठळक अक्षरांत हवा होता. टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि ते दर काही आठवड्यांनी तोटी उघडून काढावे लागते, हेही मला वापरता वापरता कळले.

खरी अडचण बटणापाशी सुरू झाली आणि तिचा विचार मी खरेदीपूर्वी अजिबात केला नव्हता. असा भोंगा दोन प्रकारे जोडता येतो. एक तर मूळ हॉर्नच्या वायरिंगवर जोडून स्टिअरिंगच्या मधोमध असलेल्या नेहमीच्या जागेवरून वाजवायचा, नाही तर डॅशबोर्डखाली वेगळे बटण बसवायचे. पहिला प्रकार निवडला की प्रत्येक हलका इशारासुद्धा आगगाडीच्या आवाजात जातो. एवढेच नव्हे, तर माझ्या गाडीसारख्या ज्या गाड्या किल्लीवरून कुलूप लावताना हॉर्नचा छोटासा आवाज देतात, त्यांच्या बाबतीत दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करतानाही हा भोंगा फुटतो. म्हणून मी दुसरा प्रकार निवडला. मग असे लक्षात आले की संकटाच्या क्षणी हात वर्षानुवर्षांच्या सवयीने स्टिअरिंगच्या मध्यावरच जातो, डॅशबोर्डखाली जात नाही. चार महिन्यांत भोंग्याची मनापासून गरज वाटली असे पाच प्रसंग आले. त्यांतील चार वेळा मी मूळ हॉर्नच वाजवला होता आणि हे माझ्या ध्यानात प्रसंग टळल्यानंतर आले.

पाचव्या वेळी मी बटण दाबले. उजवीकडच्या लेनमधील एक छोटी कार माझ्या पुढच्या चाकाच्या रोखाने सरकत येत होती. भोंगा वाजला तेव्हा तिच्या चालकाने गाडी आपल्या लेनमध्ये परत नेली नाही. त्याने जोरात ब्रेक मारला आणि तो माझ्याकडे न पाहता भलतीकडेच, रस्त्याच्या पलीकडे पाहू लागला. त्याच्या मागची गाडी थोडक्यात वाचली. त्या दिवशी मला जे कळले ते कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते. आगगाडीचा आवाज ऐकला की माणूस आगगाडी शोधतो, बाजूची गाडी शोधत नाही. साध्या हॉर्नचा आवाज ऐकताच ‘शेजारी वाहन आहे’ हे आपल्याला विचार न करता समजते. हा भोंगा तो अर्थच पुसून टाकतो आणि त्याच्या जागी निव्वळ दचकणे ठेवतो. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या वस्तूने दुसऱ्याला धोक्यात घातले, याची बोच मला आजही आहे.

आता आवाजाच्या आकड्यांकडे येतो, कारण खरेदीचा मोह तेथेच होतो. खोक्यावर १५० डेसिबल असा दावा होता, पण तो किती अंतरावरून मोजला हे कुठेही लिहिलेले नव्हते. अंतर सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला काही अर्थ नसतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. संघराज्याच्या नियमांनुसार रेल्वे इंजिनाचा भोंगा १०० फुटांवर किमान ९६ आणि कमाल ११० डेसिबल असावा लागतो. १०० फुटांवरचे ११० म्हणजे एक मीटरवर सुमारे १४०. उलट एक मीटरवर खरोखर १५० डेसिबल देणारा भोंगा १०० फुटांवर सुमारे १२० डेसिबल देईल, म्हणजे खऱ्या रेल्वे इंजिनालाही परवानगी नाही इतका मोठा. तीन गॅलनच्या टाकीवर चालणारा संच हे करू शकेल यावर माझा विश्वास नाही. हा आकडा कर्ण्याच्या तोंडाशी मोजलेला असावा किंवा विक्रीसाठी फुगवलेला असावा. फोनवरच्या ध्वनिमापकाने मी स्वतः मोजून पाहिले, पण फोनचा मायक्रोफोन इतक्या मोठ्या आवाजाला पुरा पडत नाही, म्हणून ते आकडे येथे देत नाही. एवढे मात्र सांगू शकतो की बटण धरून ठेवले तर सहा-सात सेकंदांत टाकी उतरते आणि आवाज खचून सूर घसरतो.

दावा फुगवलेला असला तरी आवाज निरुपद्रवी ठरत नाही. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या ‘नायॉश’ या संघराज्याच्या संस्थेने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुसह्य मानला आहे आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे आणि ११५ डेसिबलला जेमतेम २८ सेकंद उरतात. गाडीच्या पुढच्या बंपरपासून काही फुटांवर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या कानांचा विचार या गणितात करून पाहावा. त्या माणसाने कानांत बोळे घातलेले नसतात.

कायद्याविषयी विक्रेत्यांची भाषा मला सर्वांत अधिक खटकली. माझ्या संचाच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘सार्वजनिक रस्त्यांव्यतिरिक्त वापरासाठी’ अशा अर्थाची ओळ होती. जाहिरातीत मात्र महामार्गावरून धावणारा पिकअप दाखवला होता. मी लेखी विचारणा केली, तेव्हा ‘आपल्या राज्याचे नियम पाहावेत’ एवढेच उत्तर आले. मग मी ते खरोखरच पाहिले, आणि जे सापडले ते कोणत्याही ग्राहकाला दोन परिच्छेदांत सांगता येण्याजोगे आहे.

अमेरिकेत गाडीचा हॉर्न हा विषय मुख्यतः राज्यांच्या कायद्यांत येतो, तरीही बहुतेक राज्यांची शब्दरचना इतकी सारखी आहे की एका राज्याचे कलम वाचून दुसऱ्याचे वाचताना पुन्हा तेच पान उघडल्यासारखे वाटते. राज्यांनी आदर्श म्हणून समोर ठेवलेली ‘युनिफॉर्म व्हेइकल कोड’ ही नमुना संहिता हे या सारखेपणाचे कारण आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचे कलम २७०००, टेक्ससच्या वाहतूक संहितेचे कलम ५४७.५०१, फ्लोरिडाचे कलम ३१६.२७१ आणि इलिनॉय, ओहायो, ॲरिझोना, वॉशिंग्टन या राज्यांची कलमे साधारण एकच गोष्ट सांगतात: गाडीला चालू स्थितीतील हॉर्न असलाच पाहिजे, तो सर्वसाधारण परिस्थितीत किमान २०० फुटांवरून ऐकू आला पाहिजे, आणि त्यातून अवाजवी मोठा किंवा कर्कश आवाज निघता कामा नये. न्यूयॉर्कच्या कलम ३७५ मध्ये फुटांचा आकडा नाही. तेथे धोक्याचा इशारा म्हणून पुरेसा मोठा, पण विनाकारण मोठा किंवा कर्कश नसलेला आवाज अपेक्षित आहे आणि वाजवी इशाऱ्याखेरीज अन्य वापराला मनाई आहे.

या कलमांत किमान मर्यादा फुटांत दिलेली आहे आणि कमाल मर्यादा शब्दांत दिलेली आहे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘इतक्या डेसिबलच्या वर नको’ असे ही कलमे म्हणत नाहीत. भोंग्याचे चाहते यातून ‘आकडाच नाही, म्हणजे बंदीही नाही’ असा अर्थ काढतात. मला तो अर्थ चुकीचा वाटतो. आकडा नसल्यामुळे काय अवाजवी हे ठरवण्याचा अधिकार आधी रस्त्यावरच्या पोलिसाकडे आणि मग न्यायाधीशाकडे जातो, आणि मालाच्या खोक्यावरच ‘आगगाडीचा आवाज’, ‘१५० डेसिबल’ अशी विशेषणे छापलेली असतील तर आपला आवाज वाजवी होता हे पटवून देणे मालकाला फार जड जाते. मूळ हॉर्न एक मीटरवर सुमारे ११० डेसिबल देतो असे धरले, तर २०० फुटांवर त्याचे सुमारे ७४ डेसिबल उरतात. म्हणजे कायद्याची किमान अट कारखान्यातून आलेला हॉर्न आरामात पूर्ण करतो. त्या अटीसाठी भोंगा घेतला, हे कारण टिकणारे नाही.

बसवणे आणि वाजवणे यांतील फरक हा सर्वाधिक गोंधळाचा विषय आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. टेक्ससच्या कलमात सायरन, शिट्टी किंवा घंटा यांच्याबाबत ‘गाडीवर बसवू नये आणि वापरू नये’ अशी दुहेरी मनाई आहे. अधिकृत आपत्कालीन वाहने आणि चोरीचा इशारा देणारे यंत्र बसवलेली व्यावसायिक वाहने यांच्यापुरता तिला अपवाद आहे. या वस्तूंच्या बाबतीत नुसते बसवणेही नियमभंग ठरते. हॉर्नच्या बाबतीत मात्र कलमाचा रोख बाहेर पडणाऱ्या आवाजावर आहे: हॉर्नमधून अवाजवी मोठा किंवा कर्कश आवाज, अथवा शिट्टी, निघता कामा नये. त्यामुळे टाकी आणि कर्णे चासीखाली मुकाट पडून असतील तर त्यांवर कारवाई होईलच असे म्हणता येत नाही. पण तो भोंगा रस्त्यावर ज्या क्षणी वाजेल त्या क्षणी कलम लागू होण्याची दाट शक्यता आहे, आणि जी वस्तू वाजवायचीच नाही ती बाळगण्यासाठी साडेचारशे डॉलर मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. ‘मालवाहू ट्रकवाल्यांना हवेचे भोंगे चालतात, मग मला का नाही’ असाही प्रश्न विचारला जातो. आवाज हवेने निर्माण होतो की विजेने, हे ही कलमे पाहतच नाहीत. ती आवाज कसा आहे ते पाहतात. मोठ्या ट्रकचा कारखान्यातून आलेला हवेचा हॉर्न आणि आगगाडीची नक्कल करणारा संच यांची तुलना त्या निकषावरच व्हायला हवी.

वाजवण्याचा निकष तर आणखी अरुंद आहे. कॅलिफोर्नियाचे कलम २७००१ सांगते की सुरक्षित वाहन चालवण्यासाठी वाजवी गरज असेल तेव्हा चालकाने हॉर्न द्यावा आणि चोरीच्या इशाऱ्याचा अपवाद सोडता एरवी तो वाजवू नये. टेक्ससचेही तेच म्हणणे आहे. सान डिएगोजवळ २०१७ मध्ये एका निदर्शनाला पाठिंबा म्हणून हॉर्न वाजवणाऱ्या महिलेला या कलमाखाली चलन दिले गेले आणि त्यातून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा खटला उभा राहिला. कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्ये ज्याच्या अखत्यारीत येतात त्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये बहुमताने हे कलम वैध ठरवले. याउलट वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका काउंटीचा (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचा) हॉर्नबंदीचा नियम फारच व्यापक म्हणून रद्द केला, कारण हॉर्न वाजवणे काही प्रसंगी अभिव्यक्ती असू शकते असे त्याचे मत पडले. हे दोन्ही निकाल साध्या हॉर्नविषयी आहेत. लग्नाच्या वरातीत, खेळाचा सामना जिंकल्यावर किंवा मित्राच्या घरासमोर आगगाडीचा भोंगा वाजवणाऱ्याने त्यांचा आधार घेऊ नये.

राज्याच्या खाली शहरांचे स्वतःचे नियम असतात आणि ते अनेकदा अधिक कडक असतात. न्यूयॉर्क शहरात विनाकारण हॉर्न दिल्यास ३५० डॉलर दंड असे फलक कितीतरी वर्षे लागलेले होते. ते २०१३ मध्ये उतरवले गेले, पण नियम गेला नाही, आणि आता त्या शहराने मोठ्या आवाजाची वाहने टिपणारे कॅमेरेही बसवले आहेत. न्यूयॉर्कमध्ये गाडीची जी वार्षिक तपासणी होते तिच्यात हॉर्नही पाहिला जातो. टेक्ससने खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली आहे. आमच्याकडचे भोंगेवाले याला मोकळीक समजतात, परंतु तपासणी गेली म्हणून कलम ५४७.५०१ गेलेले नाही. ते जसेच्या तसे लागू आहे.

विकत घ्यायचेच असेल तर काय घ्यावे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. मूळ हॉर्न खरोखर दुबळा असेल, आणि काही गाड्यांत एकाच स्वराचा असल्यामुळे तो तसा असतो, तर खर्ज आणि तार अशा दोन स्वरांची विजेवर चालणारी जोडी बसवावी. तिचे स्वर साधारणपणे ४०० आणि ५०० हर्ट्झच्या आसपास असतात. दोन स्वर एकत्र वाजल्यामुळे आवाज भरदार होतो, बंद काचांतूनही ओळखू येतो आणि तरीही तो गाडीचाच आवाज राहतो. रिले आणि योग्य जाडीची तार मात्र वापरावी, कारण मूळ हॉर्नच्या बारीक तारेवर दोन हॉर्नचा भार टाकणे बरे नाही. जोडी स्टिअरिंगच्या मूळ बटणावरच बसते, टाकी लागत नाही, हवा संपत नाही आणि कुलूप लावताना शेजारी जागे होत नाहीत. मला ही जोडी रिलेसह साठ डॉलरच्या आत मिळाली आणि बसवायला दोन तास पुरले. लहान कंप्रेसर अंगातच असलेले, टाकीशिवाय चालणारे आटोपशीर हवेचे हॉर्नही मिळतात. ते विजेच्या जोडीपेक्षा बरेच मोठे वाजतात, म्हणून त्यांच्याबाबत वरचा ‘अवाजवी’ या शब्दाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मी ते घेतले नाहीत.

आगगाडीच्या भोंग्याचा उपयोग कुठेच नाही असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या मोठ्या शेतजमिनीवर दूरच्या माणसाला हाक देण्यासाठी किंवा जनावरे हाकलण्यासाठी, जवळपास वस्ती नसताना आणि वाजवणाऱ्याने कान झाकलेले असताना, हा संच आपले काम चोख करील. तेवढ्या वापरासाठी बनावट, सांधे आणि कर्ण्यांचा सूर पाहून मी त्याला पाचपैकी चार गुण देईन. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी त्याला एक गुण देतो, आणि तो एक गुणही केवळ कंप्रेसरचा आहे. कर्णे आणि व्हॉल्व्ह मी काढून खोक्यात बांधून ठेवले आहेत. कंप्रेसर आणि टाकी गाडीवर तशीच ठेवली असून टाकीला हवा भरण्याची नळी जोडली आहे, आणि गेल्या आठवड्यात रस्त्याकडेला बसलेल्या एका कुटुंबाच्या गाडीच्या टायरमध्ये मी त्याच टाकीतून हवा भरून दिली.